फेकायच्या खिरीतले बेदाणे

२६ जानेवारी २०२६, सोमवार. महाराष्ट्र एक्स्प्रेस, नागपूर सुटलं

तेहतीस वर्षं दैनंदिनी लिहिली. कोणत्या गावात किती गरोदर बायका तपासल्या, किती पोरांना डोस पाजले, सायकल कुठं पंक्चर झाली. महिन्याच्या शेवटी डॉक्टरसाहेब खाली सही करायचे, बहुतेक वेळा न वाचता. एकदा मी मुद्दाम मधेच लिहून ठेवलं होतं, "आज दुपारी उपकेंद्रात वाघ आला, त्यास लोहाच्या गोळ्या दिल्या." सही आली, तारखेसकट.

ही वही निरोपसमारंभात शालीसोबत मिळाली. हिच्याखाली कोणाची सही होणार नाही, म्हणून हिच्यात खरं लिहिणार.

तर खरं हे की मी कल्पना टेंभरे, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार गोंदिया, आज सकाळी पोरीची जुनी बॅकपॅक पाठीला बांधून एकटी गाडीत बसले आहे. पोरगी म्हणजे प्राची, पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीत डोंगर चढते. तिनं फोनवरून शिकवलं की जड सामान पाठीशी ठेव, कमरेचा पट्टा आवळ. आमचे हे स्टेशनवर सोडायला आले, पण तोंड असं केलं होतं की पाहणाऱ्याला वाटावं मला अंदमानला धाडत आहेत. म्हणाले, "लोक काय म्हणतील? टेंभरे गुरुजींची बायको भटक्यासारखी बोचकं घेऊन निघाली!" मी म्हटलं, "सांगा की ड्युटीवर गेली. तेहतीस वर्षं तेच सांगत होते ना?"

आता कारण. मला वाढदिवस पाहिजे.

कागदावर आहे, १ जून १९६७. तो शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकला. आमच्या वर्गात सव्वीस पोरं, त्यातली एकोणीस एक जूनची. मी स्वतः हजारावर बाळंतपणं केली, प्रत्येक लेकराची तारीख, वेळ, वजन मिनिटासकट लिहिलं. अर्ध्या तालुक्याला वाढदिवस वाटले आणि माझाच तेवढा कोरा. मायला विचारलं की मळणीचं एकच उत्तर, "धान चुरनं चालू होतं. तारीख कोन पाहाते?"

मग ठरवलं, आपला आपणच ठरवायचा. या गाडीच्या पाटीवर शेवटचं नाव कोल्हापूर, जन्मभर वाचत आले. तिथं उतरायचं आणि पुढं पायी गगनबावड्याला जायचं. पंचावन्न किलोमीटर, जिथं घाट कोकणात उतरतो त्या टोकापर्यंत. ज्या दिवशी पोचेन तो माझा वाढदिवस, मरेपर्यंत तोच. मधेच एसटीत बसले तर मग एक जूनच नशिबी, आणि पुन्हा तक्रार करायची नाही. ही शर्त माझी माझ्याशी.

काल मायला सांगायला तिरोड्याला भावाकडे गेले होते. ब्याऐंशीची आहे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कोल्हापूर कुठं, एकटी काहून, पाय दुखतील, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पुनवेले कुठं राहाशील?" मी म्हटलं, काय माहीत. ती सुपारी कातरत बसली. उपास असेल तिचा.

२७ जानेवारी, मंगळवार. कोल्हापूर

हातकणंगल्याला एक गृहस्थ चढले, मोठं धोतर, मोठ्या मिशा, आवाज त्याहून मोठा. जोतीराम नाव. बसायच्या आधीच विचारलं, "कुठनं आलासा, मावशी?"

"गोंदियाहून."

"आयला! म्हंजे पार त्या टोकास्नं! आन् इकडं कुणाकडं?"

"कोणाकडं नाही. गगनबावड्याला चालत जायचं आहे."

"चालत? नवस हाय व्हय?"

"नाही."

"मग यष्टी बंद हाय?"

"चालू आहे ना."

"मग घरात भांडण झालंय." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. त्यांच्या मते बाईमाणसानं चालत जायची तीनच कारणं असतात. मी सांगितलं, वाढदिवसाला चालले आहे. त्यांनी पिशवीतून मुठीएवढा गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "बहिणीकडं नेतोय, पण तिला काय, साखर आजार हाय. तुमी घ्या. वाढदिसाला गोड नगं व्हय?" असं म्हणून ते कोल्हापूर येईपर्यंत घोरले.

लॉजवर सामान टाकलं आणि संध्याकाळी रंकाळ्याकडं गेले. वाटेत एका कट्ट्यावर म्हैस उभी आणि लोक पेले घेऊन रांगेत. समोर पिळायचं, समोर प्यायचं. मी दोन पेले प्यायले. मिशी आली फेसाची, पुसायलाही विसरले.

दुधावरून खीर आठवली. आमच्या घरी वर्षातून एकदा, थंडी ओसरताना, माय नव्या तांदळाची गुळाची खीर करायची. सगळ्यांना वाढायची. मग एक जर्मनची वाटी भरून माझ्या हातात द्यायची, "जा, उकिरड्यावर फेकून ये. मागं पाहू नोको." मी जायची आणि उकिरड्यामागं, तुराट्यांच्या कुडाआड, ती वाटी चाटूनपुसून खायची. गंमत म्हणजे आमच्या ताटातल्या खिरीत बेदाणे नसायचे, फेकायच्या खिरीत असायचे. तेव्हाही वाटायचं, देवाचा कारभारच उलटा. लग्न होईपर्यंत दरवर्षी हा दरोडा टाकला आणि मायला एकदाही कळलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच चोरी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

२८ जानेवारी, बुधवार. पहिला मुक्काम

चौदा किलोमीटर. रस्त्याला ऊसच ऊस. ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या, गाणी अशी लावलेली की ऊस कारखान्यात नाचत जाईल. प्रत्येक ड्रायव्हर थांबून विचारतो, "बसा की मावशी, सोडतो!" नाही म्हटलं की त्याला अपमान वाटतो.

दुपारी एका गावात आरोग्य उपकेंद्राची पाटी दिसली आणि पाय आपोआप वळले. आत श्रुती नावाची सिस्टर, तिशीची, रजिस्टरात डोकं घालून बसलेली. मी ओळख सांगितली तशी उठून उभी राहिली. "मॅडम, आज हितंच ऱ्हावा. क्वार्टर मोकळीच हाय. मी जेवण आणतो." इथल्या बायका "मी आणतो, मी जातो" असंच बोलतात. मला फार आवडलं. मी खोलीत जाऊन आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं, "मी आलो." रुबाब येतो.

तिच्याकडे एक गरोदर पोरगी तपासणीला आली होती. श्रुतीनं धडाधड विचारलं, "कितवं? जिवंत किती? गेलेली किती?" पोरीचं तोंड उतरलं. ती गेल्यावर मी श्रुतीला म्हटलं, "तिसरा प्रश्न असा नाही विचारायचा. पेन खाली ठेवायचं, मग विचारायचं. बाई बोलते मग. पेन हातात असलं की खोटं सांगते." श्रुतीनं मान हलवली. म्हणाली, "मॅडम, हे ट्रेनिंगला न्हाय शिकवलं कुणी." कोण शिकवणार? मी हजार बायकांना विचारून शिकले.

रात्रीच्या जेवणात तिनं विचारलं, कल्पना नाव तुमच्या वेळी नवंच असेल ना? मी सांगून टाकलं. कल्पना हे नर्सिंगच्या वेळी मी स्वतः घेतलेलं. त्याआधी मी कचराबाई होते. शाळेत पोरं माझ्या दप्तरात पालापाचोळा भरायची. माझ्या पाठचा भाऊ, त्याचं नाव राजेंद्र. तो राजा आणि मी कचरा. चारचौघांत माय म्हणायची, "आमची ते कचरी? तिले कोन घेते?" लुगडं नवं नेसले तरी म्हणायची, वाईट दिसते. अठ्ठावन्न वर्षांत तिनं मला एकदाही चांगली म्हटलं नाही. हे लिहिताना राग येत नाही आता. थोडा येतो.

२९ जानेवारी, गुरुवार

पाय.

डाव्या टाचेला फोड, उजव्या अंगठ्याला फोड. बारा किलोमीटरला सहा तास. दुपारी एसटी शेजारून गेली, कंडक्टरनं दारातून हात दाखवला. माझा हात वर जाणार होता. खरं लिहायचं ठरलं आहे, म्हणून लिहिते, अर्धा वर गेलाच होता. मग डोकं खाजवल्यासारखं केलं.

शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. हेडमास्तर उदयसिंह मोरे म्हणून आहेत, त्यांच्या घरून भाकरी आणि झुणका आला. प्राचीचा फोन आला, "आई, पुरे झालं, बसनं जा." ह्यांचाही आला, तेच म्हणाले, पण रागानं. दोघांना सांगितलं की मस्त चाललं आहे. मला खोटं बोलणाऱ्या बायका पेन न धरता ओळखू येतात, हे दोघं काय ओळखणार.

३० जानेवारी, शुक्रवार. असळजच्या अलीकडं

आज चौदा झाले. उद्या पंधरा राहिले.

पट्टी आणि कापूस घ्यायला एका किराणा दुकानात शिरले. गल्ल्यावर चनबसाप्पा नावाचे आजोबा, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. काहीही विचारा, "व्हय" म्हणतात. आतून त्यांची बायको आली, माझ्या पायाकडं पाहिलं आणि ओरडली, "वर्षाराणी! पाणी तापव, मीठ टाक! हिच्या टाचंचा टोमॅटो झालाय!" मला विचारलंसुद्धा नाही. पाटावर बसवलं, पाय बादलीत. तेहतीस वर्षं मी लोकांचे पाय बादलीत घातले, माझे कोणी पहिल्यांदाच घातले. डोळ्यात पाणी आलं, ते मी वाफेवर ढकललं.

वर्षाराणी म्हणजे सून, तिला हसायला काही लागत नाही. "चालत? गोंदियास्नं?" "नाही, कोल्हापूरपासून." "तरी बी! मी दळण आणाया बी स्कूटीवर जातो!"

सासूबाई पाय पुसता पुसता म्हणाल्या, "नाव काय तुझं?"

"कल्पना."

"आईनं ठिवलेलं?"

का कोण जाणे, मी खरं सांगितलं. बादलीत पाय असला की माणूस खरं बोलत असावा. "नाही. आईनं ठेवलेलं कचराबाई."

वाटलं हसतील. तर म्हातारीनं माझ्या मांडीवर थाप मारली. "मग आपण भैनी की गं! माझं नाव तिप्पव्वा. माझं माहेर निपाणीच्या पल्याड, कानडी. तिप्पी म्हंजे आमच्यात उकिरडा."

मग तिनं सांगितलं. तिच्या आईची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. ही झाली तेव्हा बाराव्या दिवशी तिला खरोखर उकिरड्यावर नेऊन ठेवलं. आत्या तिथं सूप घेऊन उभीच होती. "कुणाचं पोर हाय?" "कुणाचं न्हाय, टाकलंय." "मग मी घेतो." पसाभर जोंधळे दिले आणि पोरगी सुपात घालून घरी आणली. तिप्पव्वा म्हणाली, "म्हंजे यम आला की सांगाया मोकळं. ही आमची न्हवंच, उकिरड्यावर घावलीया."

"आत्तीबाई, यमाला एवढं बी कळत न्हाय व्हय?" वर्षाराणी.

"सत्तर वर्सं झाली, न्हाय कळलं की!"

मी विचारलं, मग तुमचा वाढदिवस? ती म्हणाली, "त्यो कुणाला सांगत न्हाईत. आपण वर्सं मोजाया लागलो की त्यो बी मोजाया लागतो. आई जाताना तेवढं कानात सांगून गेली."

ही रीत मला ठाऊक आहे. आमच्याकडंही आहे. फेकू, कचरू, बेचन अशी नावं मी रजिस्टरात किती लिहिली, आणि प्रत्येकाच्या आईच्या रकान्यात मृत बालकं दोन, तीन, चार. पण आमच्या घरात तसं काही नव्हतं. मी पहिली, माझ्या पाठीवर राजेंद्र, आम्ही दोघंच. आमचं कोणी गेलं नाही. मला कचरा म्हटलं ते पोरगी झाली म्हणून. हे मी आजीच्या तोंडून ऐकलं आहे, अंगणात सगळ्यांसमोर ओरडून सांगायची, "पोरगी झाली, कचरा झाला, कोनी घेऊन जा!"

तिप्पव्वाला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला इचारलंस?"

"काय विचारायचं त्यात? मला माहीत आहे."

ती नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं मला आवडलं नाही. जेवण मात्र उत्तम होतं.

झोप येत नाही आहे. फोडामुळे असेल.

३१ जानेवारी, शनिवार. गगनबावडा

पोचले. पोचले. पोचले.

चार वाजून दहा मिनिटं. जन्मवेळ लिहिण्याच्या सवयीनं घड्याळ पाहिलं. शेवटचे तीन किलोमीटर मी मोठ्यानं शिव्या देत चढले, शिव्या गोंदियाच्या होत्या म्हणून इथं कोणाला कळल्या नाहीत. टोकाशी आले तर रस्ता संपल्यासारखा खाली जातो, आणि खाली पूर्ण कोकण, धुरकट, हिरवं. वारा असा की पदर सांभाळावा की बॅग. मी बॅग टाकून दिली आणि पदरही सोडला.

कडेला चहाची टपरी होती, मालक बाळासो पाटील. मी त्यांना सांगितलं, "एक चहा द्या, आज माझा वाढदिवस आहे." म्हणजे मला कोणाला तरी पहिल्यांदा सांगायचं होतं, आणि समोर तेच होते. बाळासोंनी माझ्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं, पायांतल्या पट्ट्यांकडं पाहिलं. "चालत आलासा? कोल्हापुरास्नं? ये संभ्या, ये पोरं हो, हिकडं या सगळी!" केक नव्हता. बरणीतून एक क्रीमरोल काढला, त्यात देवापुढची उदबत्ती खोचली आणि पेटवली. दोन ट्रकवाले, एक एसटीचा कंडक्टर आणि गावातली पाच पोरं एवढ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. नाव कोणाला माहीत नव्हतं म्हणून "हॅपी बड्डे मावशीऽऽ" म्हटलं. उदबत्ती फुंकायची नसते, म्हणून हातानं विझवली, तर बोट भाजलं. हा माझा पहिला वाढदिवस. मी हसून हसून वाकले.

एवढ्यात स्कूटी आली. वर्षाराणी पुढं, मागं तिप्पव्वा, डोक्यावर पदर, मांडीवर डबा. "पोचली का वाटंत मेली बघाया आलो!" डब्यात होळगी होत्या, म्हणजे आपली पुरणपोळी. सगळ्यांना वाटल्या. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "आईला फोन लावलास?"

"लावते ना. रात्री."

"आत्ता लाव."

लावला. भावानं उचलला, मायच्या कानाशी धरला. मी ओरडून सांगितलं, "माय, पोचली मी! एसटीत नाही बसली! आजपासून एकतीस जानेवारी माझा वाढदिवस!"

मग माय म्हणाली, "आज? आज कसा राहील वो बाई? पुनव त उद्या हाये."

"पुनवेचं काय?"

सुपारी कातरायचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग थांबला.

मी तेहतीस वर्षं नोकरी केली आहे. बाई कुठं थांबते ते मला कळतं. माझ्या हातात पेन नव्हतं. आणि तोंडातून जे आलं ते लेकीचं नव्हतं, रजिस्टरातलं होतं. "माय, तुयी बाळंतपणं किती?"

"सहा."

"जिवंत?"

"तुमी दोघं."

मी कठड्याला धरून उभी. "पहिली मी ना?"

"तू नोहोस पयली. तू पाचवी." तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "चार गेले. दोन पोरं, दोन पोरी. एक त चालत होता. मंग तू झाली, माघी पुनवेले, पहाटं, कोंबडं आरवलं तवा. तुया आजीनं तुले उकिरड्यावर ठेवलं आन् अंगनात बोंबलली, कचरा झाला, घेऊन जा म्हनून. तवापासून मी कोनापाशी तुयं नाव चांगलं काढलं नाही. दिवस सांगितला नाही. त्याले आयकू जाते."

"मग आता काहून सांगतेस?"

"आता तू रिटायर झालीस. सरकारनंच लिहून देल्लं ना, म्हातारी झाली म्हनून. आता तुले कोन नेते?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, भर रस्त्यात. बाळासोंनी पोरांना हाकललं. हजार बायकांना मी तो तिसरा प्रश्न विचारला आणि घरातल्या एका बाईला कधी विचारला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि मायचं फार वाईट वाटलं.

मग एकाएकी आठवलं. "माय, आणि ते खीर? माघातली? उकिरड्यावरची?"

तिकडून हसू आलं. बिनदातांचं, खोकल्यासारखं. "बेदाने कोनासाठी टाकत होती मी? उकिरड्यासाठी?"

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा. तिप्पव्वाच्या घरी

काल तिघी एका स्कूटीवर बसणार होतो, पण माझी बॅग चौथी झाली. मी एसटीनं आले. शर्त पुरी झाली होती, म्हणून बिनधास्त बसले, खिडकीशी.

ह्यांना काल सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे तू दरवेळी माहेरून येताना वाकडं तोंड करून यायची, ते..." परतीच्या गाडीला घ्यायला नागपूरपर्यंत येतो म्हणाले. नागपूर काहून, गोंदियालाच या म्हटलं, तर म्हणे नाही, नागपूरला.

परवा गाडीतून थेट तिरोड्याला उतरायचं. मायकडून त्या चौघांची नावं विचारून घ्यायची आहेत. ठेवली असतील तर. पेन नेणार नाही.

आज सकाळी मायला फोनवर विचारत मी खीर केली. जोतीरामांचा गूळ, तिप्पव्वाच्या दुकानातले बेदाणे, शाहूवाडीकडचा नवा तांदूळ. चनबसाप्पांना विचारलं, गोड झाली का, ते म्हणाले, "व्हय." वर्षाराणीनं तीन वेळा घेतली. तिप्पव्वाला खिरीच्या चोरीची गोष्ट मी रात्रीच सांगितली होती. तिप्पव्वानं सगळ्यांना वाढून झाल्यावर एक वाटी काठोकाठ भरली, वरून मूठभर बेदाणे टाकले आणि माझ्या हातात दिली. तोंडावर हसू दिसू नये म्हणून तिनं भुवया चढवल्या होत्या.

"जा, उकिरड्यावर टाकून ये. मागं बघू नगंस."

मी गेले. गोठ्यामागं त्यांचा उकिरडा आहे, मोठा, वर कोंबड्या. इथं तुराट्यांचं कूड नव्हतं, म्हणून कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. वाटी चाटूनपुसून खाल्ली. कोंबड्यांना एक बेदाणा दिला, त्यांचाही हक्क आहे. तोंडात शेवटचा घास होता तेवढ्यात फोन वाजला. माय.

"फेकलीस का?"

"हो," मी बेदाणा चावत म्हटलं, "फेकली."